मळणी यंत्रावर घास लावणाऱ्याचा हात वाचवा



सोयाबीनची काढणी आता आठ-पंधरा दिवसांवर आली आहे. पाने गळू लागली, शेंगा पिवळ्या पडू लागल्या. एकदा का शेंग वाळली, की तुम्हाला पाणी प्यायला सवड मिळायची नाही. टोळ्या ठरतील, विळ्यांना धार लागेल, शेतोशेती बनमी उभ्या राहतील. आमच्या मराठवाड्यात सोयाबीनच्या ढिगाला बनीम म्हणतात, कुठे गंजी म्हणतात, विदर्भात सुडी म्हणतात. नाव काहीही असो, शेवटी तो ढीग जातो मळणी यंत्राच्या तोंडात, ज्याला आपण सगळे हडंबा म्हणतो. आज मी बियाण्यावर बोलणार नाही, खतावर नाही, भावावरही नाही. त्या तोंडाशी उभे राहून घास लावणाऱ्या माणसाच्या हातावर बोलणार आहे. माणूस म्हटले खरे, पण बहुतेक ठिकाणी तिथे मजूर बाईच उभी असते.

एक घडलेली गोष्ट आधी सांगतो. कृषी पदवी घेऊन मी नोकरीला लागलो त्याच्या पहिल्याच वर्षातली. गावाचे नाव सांगत नाही, कारण ज्यांच्या शेतात हे घडले ती माणसे वाईट नव्हती. बियाण्याच्या प्लॉटची पाहणी करायला मी गेलो होतो. मळणी सुरू होती. घास लावणाऱ्या मावशी पन्नाशीच्या आतबाहेर होत्या, हात भराभर चालत होता. यंत्राच्या तोंडाला जी पत्र्याची पन्हाळ असते, जिला मिस्त्री लोक चूट म्हणतात, ती मला फार आखूड दिसली. मालकांना विचारले, तर म्हणाले, "साहेब, लांब चुटीनं घास सावकाश जातो. वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतली. आता बघा, घंट्याला किती कट्टे निघतात." मी काय केले? मी त्या मावशींना म्हणालो, "मावशी, हात जपा बरं का." आणि गाडीला किक मारून पुढच्या गावाला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी कळले. रात्री नऊच्या सुमाराला, थोड्याशा दमट कवळ्याचा गुंता सरकेना म्हणून त्यांनी तो हाताने रेटला. काड्या मनगटाभोवती अडकल्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत गेला. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "साहेब, तुमी हात जपा म्हणला होता. जपतच होते की मी."

बंधूंनो, ते वाक्य मला पुष्कळ दिवस झोपू देत नव्हते. आणि त्यातूनच जी गोष्ट मला समजली ती आज तुमच्यापुढे ठेवतो. यंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला "जपून काम कर" असे सांगणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. बंदोबस्त यंत्रावर करायचा असतो, आणि तो करायचे काम मालकाचे, घास लावणाऱ्याचे नव्हे.

का, ते थोडे हिशेबाने पाहू. मी पोस्टकार्डावर मांडावा तसा हिशेब सांगतो. समजा यंत्राचा ड्रम दोन फूट व्यासाचा आहे. म्हणजे त्याचा घेर झाला सहा फुटांहून थोडा जास्त. तो मिनिटाला ४०० वेळा फिरतो असे धरा. ही काही मोठी गती नव्हे, गहू मळताना याहून पुष्कळ जास्त असते. तर त्या ड्रमच्या दाताने एका सेकंदात सुमारे ४० फूट अंतर कापले. आता काहीतरी चुकले हे डोळ्याला दिसणे, ते डोक्याला कळणे आणि डोक्याने हाताला "मागे हो" म्हणणे, एवढ्याला चलाख माणसालाही पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात तो दात १० फूट पुढे गेलेला असतो. आपला अख्खा हात खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम अडीच फूट. म्हणजे बाई कितीही हुशार असो, कितीही सावध असो, दाताने काडी पकडली आणि काडीने बांगडी पकडली, की हात मागे घ्यायला वेळच उरलेला नसतो. हे तिच्या हलगर्जीपणाचे गणित नाही.

म्हणून उपाय एकच. हात दातापर्यंत पोचताच कामा नये. मोहात पडून नाही, झोपेत नाही, चुकूनही नाही.

हे शास्त्र काही नवे नाही. कारखान्यांसाठी आपल्या देशात १९४८ साली कायदा झाला, त्यात यंत्राच्या धोक्याच्या प्रत्येक भागाला पक्के कुंपण घातलेच पाहिजे असे सांगितले आहे. शब्द बघा, कुंपण. आपण रानडुकरासाठी शेताला तारेचे कुंपण घालतो, हरभऱ्याला साड्या बांधतो, आणि गरगर फिरणारा पट्टा मात्र उघडा ठेवतो, त्याच्याजवळून आपलीच माणसे ये-जा करीत असताना! पण तो कारखान्याचा कायदा काही शेतातल्या हडंब्यापर्यंत पोचत नव्हता. गव्हाच्या नव्या जाती आल्या, उत्पादन वाढले, उत्तरेकडे गावोगाव मळणी यंत्रे झाली आणि हात तुटण्याचे प्रकारही वाढले. तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. त्यात मळणी यंत्राला नाव घेऊन धोकादायक यंत्र म्हटले आहे. यंत्र बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने परवाना घ्यावा, यंत्रावर काम करणाऱ्या मजुराचे रक्षण व्हावे, आणि त्याला इजा झाली किंवा मृत्यू आला तर भरपाई मिळावी, हा त्या कायद्याचा हेतू. शिवाय मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी एक भारतीय मानक आहे, आयएस ९०२०. चुटीचे माप त्यात दिलेले आहे.

दोन हात लांब, एक हात झाकलेली

आता हे माप नीट ध्यानात ठेवा, कारण आजच्या भाषणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. चूट कमीत कमी ९० सेंटीमीटर लांब असावी, आणि त्यातला ड्रमकडचा कमीत कमी ४५ सेंटीमीटर भाग वरून पत्र्याने झाकलेला असावा.

सेंटीमीटर ध्यानात राहत नसतील तर आपले जुने माप घ्या. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट, म्हणजेच ४५ सेंटीमीटर. तेव्हा चूट दोन हात लांब आणि एक हात झाकलेली. टेप शोधायची गरज नाही, माप आपल्या अंगालाच आहे. दोन हात लांब का? तर खांद्यापर्यंत अख्खा हात आत घातला तरी बोटे ड्रमला लागू नयेत म्हणून. आणि वरचे झाकण का? तर वाकून, ओणवे होऊन कुणी आत हात सारू नये म्हणून. दोन्ही पाहिजेत. नुसती लांब पण उघडी चूट असली तर माणूस बाजूने हात घालतो. झाकण असून आखूड असली तर बोटे आत पोचतातच.

चूट कापलेली असेल तर ती पुन्हा जोडून घ्यायला काय लागते? चांगला जाड पत्रा, वेल्डिंगवाल्याचे अर्ध्या दिवसाचे काम. पत्र्याच्या कडा मात्र आत वळवून घ्या, नाहीतर त्या कडेलाच बाही अडकते. चूट ड्रमच्या बाजूला किंचित उतरती असावी म्हणजे घास आपोआप पुढे सरकतो आणि रेटावा लागत नाही. आमच्याकडे एका गावात दोन भावांनी असे करून घेतले. धाकट्याला वाटत होते, काम मंदावेल. थोडेसे मंदावलेही, खोटे कशाला बोलू. पण घास सारखा जाऊ लागल्यामुळे ड्रम चोंदायचे प्रमाण कमी झाले, आणि चोंदलेला ड्रम मोकळा करण्यात जो वेळ जाई तो वाचला. संध्याकाळी कट्टे मोजले तेव्हा धाकटा गप्प बसला.

गतीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी सोयाबीन ठेवायचे असेल तर ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. सोयाबीनचे साल फार नाजूक, जोराच्या माराने दाणा वरून चांगला दिसतो पण आतून दुखावतो आणि पेरल्यावर उगवत नाही. तेव्हा यंत्र सावकाश चालवण्यात बियाण्याचाही फायदा आहे. मजुराच्या हातासाठी म्हणून कुणी गती कमी करीत नसेल, तर निदान बियाण्यासाठी करावी.

उभे कुठे राहायचे

घास लावणाऱ्याला उभे राहायला काय देता, ते जरा आठवून बघा. कुठे सोयाबीनचे भरलेले कट्टे, कुठे उलटी बाज, कुठे दोन दगड. पायाखालचा कट्टा खचला की माणूस कुठे पडणार? पुढेच. तोंडाशीच. सपाट, टणक जमीन करून घ्या. यंत्र उंच असेल तर रुंद फळ्यांचा न हलणारा ओटा करा. चुटीची कड उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला आली म्हणजे बरोबर. छातीच्या वर असेल तर हात उंचावून घास फेकावा लागतो आणि अंदाज चुकतो, मांडीच्या खाली असेल तर सगळे अंग पुढे झुकते.

घास अडकला तर हाताने रेटायचा नाही. मागचे कवळे पुढच्या कवळ्याला ढकलते, तेवढे पुरे. लोखंडी गज, विळा, खुरपे आत घालायचे नाही. ड्रमने ते ओढले तर गोळीसारखे बाहेर येते. तसेच बनमीत विळा राहून गेला आणि कवळ्याबरोबर आत गेला, असेही होते. काढणीच्या दिवशी संध्याकाळी विळे मोजून घ्यायची सवय ठेवा. आणि दमट कवळी ड्रमला घालूच नका. सकाळी दव असते तेव्हा बनमीच्या आतले वाळलेले आधी घ्या, वरचे उन्हात पसरा. माझ्या त्या मावशींचा घात दमट कवळ्यानेच केला.

कपड्यांविषयी बोलायला मला थोडा संकोच वाटतो, कारण आपण सगळा दोष पदरावर टाकून मोकळे होतो. "पदर अडकला" म्हटले की मालक सुटला, यंत्रवाला सुटला. पट्ट्याला जाळी असती तर पदर अडकला असता का? तरीही काळजी घ्यावी. आमच्या भागात बाया साडीवर पुरुषी शर्ट घालून कामाला येतात, ही चांगली पद्धत आहे. पदर शर्टाच्या आत खोचून वर बटणे लावावीत, बाहीची बटणेही लावावीत, नाहीतर बाही कोपरापर्यंत घट्ट दुमडावी. वेणी सोडू नये, अंबाडा बांधावा. स्कार्फची टोके आत खोवावीत. धातूचे कडे, घड्याळ, मनगटाला बांधलेला धागा, हे त्या वेळेपुरते उतरवून ठेवावे. पुरुषांनी गळ्यातले उपरणे किंवा टॉवेल घरी ठेवावा. हातमोजे घालून घास लावू नये. मोजा अडकतो आणि हाताला घेऊन जातो.

ट्रॅक्टरचा फिरता दांडा

उपरण्याचे का म्हणालो ते सांगतो. ट्रॅक्टरकडून हडंब्याला फिरवणारा जो दांडा असतो, पीटीओचा शाफ्ट, तो मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो. म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा घेर धरा एक वीत. उपरण्याचे टोक त्याला लागले की एका सेकंदात नऊ वीत कापड गुंडाळले गेले, म्हणजे साडेचार हात. आपले उपरणे असते केवढे? एका सेकंदात ते संपले आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला गळा आहे.

म्हणून ट्रॅक्टरवाला आला की आधी खाली वाकून बघा, दांड्यावर प्लॅस्टिकची नळी आहे का. नव्या दांड्यावर ती असते. दोन हंगामांत फुटते आणि मग कुणी बदलत नाही. फुटलेल्या नळीने दांडा चालवू देऊ नका. आणि चालू दांड्यावरून ओलांडून कधीच जाऊ नका, चार पावले वळसा पडला तरी चालेल. पट्टा आणि पुली यांना चारी बाजूंनी जाळी हवी. जाळी नटबोल्टने बसवलेली असावी, तारेने बांधलेली नको, कारण तार सोडायला सोपी म्हणून सोडली जाते आणि मग जाळी बांधावर पडून राहते.

यंत्र चोंदले, पट्टा सुटला, चाळणी भरली, असे काहीही झाले तरी आधी ट्रॅक्टर बंद. नुसता पीटीओ सोडून भागत नाही. ट्रॅक्टर बंद करायचा, किल्ली काढायची, आणि जो माणूस हात घालणार आहे त्याने ती किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ड्रायव्हर तंबाखू मळत बसला आहे, त्याला वाटले काम झाले, त्याने ट्रॅक्टर सुरू केला, असे घडते. किल्ली माझ्या खिशात असेल तर कुणाला काय वाटते याचा प्रश्नच उरत नाही. आणखी एक, ट्रॅक्टर बंद झाला तरी ड्रम जड असल्यामुळे बराच वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याचे डोळ्याने बघा, मगच झाकण उघडा.

घरची कडबा कुट्टी

मळणी वर्षातून चार दिवस, पण कुट्टी रोजची, आणि ती गोठ्यात, पोराबाळांच्या हाताशी. विजेच्या कुट्टीत रूळ असतात. ते ड्रमसारखे झटक्यात नेत नाहीत, सावकाश पण न सोडता ओढतात. कडब्याच्या पेंढीबरोबर बोट गेले की माणूस ओरडतो, पण मोटारीचे बटण पलीकडच्या भिंतीवर, आणि घरातली सगळी शेतावर! तेव्हा कुट्टीचे बटण कडबा लावणाऱ्याच्या दुसऱ्या हाताला लागेल इतके जवळ बसवून घ्या. वायरमनला सांगा, वायर दहा फूट जास्त लागली तर लागू दे. ज्या कुट्टीला रूळ उलटे फिरवायचा दांडा आहे तीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. कुट्टीलाही चूट असते, तीही झाकलेली हवी.

आणि विजेचे जे आपल्याकडे चालते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुट्टी चालू असताना लाईट जाते. माणूस वैतागतो, बटण तसेच चालू ठेवतो, आणि रिकामा वेळ आहे म्हणून रुळात अडकलेला कडबा काढायला हात घालतो. तेवढ्यात लाईट येते. लाईट गेली की पहिले काम बटण बंद करणे, आणि हात घालायचा असेल तर फ्यूज काढून खिशात. पंपाला लावतो तसा ऑटो स्विच कुट्टीच्या मोटारीला कधीही लावू नका. पंप आपोआप सुरू झाला तर फार तर पाणी वाया जाते.

हाताने फिरवायची जुनी कुट्टी असेल तर काम झाल्यावर तिच्या चाकात खिळ घालून कुलूप लावा. लहान मुले ते चाक खेळणे समजून फिरवतात, एक फिरवतो आणि दुसरा बोट घालून बघतो.

कट्ट्यामागचा दर

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, हे सगळं खरं, पण पाऊस काय तुमच्या मापानं पडतो का? यंत्र गावात एक, नंबर लागलेले पंधरा जणांचे. आमचा नंबर रात्री आला तर रात्रीच मळावं लागतंय." हे मला मान्य आहे. माझ्या वडिलांचेही सोयाबीन असते, ढग आले की मीही घरी फोन करतो. पण घाई कुठून येते ते बघा. यंत्रवाला कट्ट्यावर भाडे घेतो, टोळी गुत्त्याने येते. जितके कट्टे तितके पैसे. मग ड्रमची गती वाढते, चूट कापली जाते, आणि घास लावणारी बाई चार-चार तास जागची हलत नाही. तिसऱ्या तासाला हात आपोआप चालतो आणि डोके झोपलेले असते.

यावर मला सुचलेले सांगतो, पटले तर घ्या. दर ठरवताना त्याच वेळी तीन गोष्टी बोलून घ्या. एक, चूट मापाची असेल तरच यंत्र शेतात उतरवायचे. दुसरी, घास लावायला दोघींनी पाळीने उभे राहायचे, दर अर्ध्या तासाला बदली, आणि बदलीचा वेळ मजुरीतून कापायचा नाही. तिसरी, रात्री मळायचेच तर चुटीवर थेट उजेड पडेल असा दिवा, ट्रॅक्टरच्या मागच्या एका दिव्यावर भागवायचे नाही. दारू प्यायलेल्याला यंत्राजवळ उभे करू नका, मग तो यंत्रवाल्याचा मेहुणा का असेना. आणि अठरा वर्षांखालच्या पोराला भुसा ओढायलाही यंत्राखाली पाठवू नका. पाच शेतकऱ्यांनी मिळून यंत्रवाल्याला सांगितले तर तो चूट जोडून आणतो. एकट्याने सांगितले तर तो पुढच्या शेतात जातो, हेही मी पाहिले आहे.

अपघात झालाच तर

हात अडकला असेल तर ओढू नका. यंत्र उलटे चालवून सोडवू नका. ट्रॅक्टर बंद करा, पट्टा उतरवा, मिस्त्रीला बोलावून झाकण खोला. तोवर १०८ ला फोन झालेला असावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर घट्ट दाबून धरा, हात वर उचलून ठेवा. दाबूनही रक्त थांबेनाच तर जखमेच्या वरच्या बाजूला रुंद पट्टी आवळून बांधा आणि किती वाजता बांधली ते चिठ्ठीवर लिहून बरोबर द्या. दोरी किंवा तार बांधू नका. हळद, चुना, रॉकेल, माती, काहीही जखमेत घालू नका. पुढे शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते म्हणून चहा-पाणीही पाजू नका.

बोट किंवा पंजा तुटून वेगळा झाला असेल तर तो शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवू नका, त्याने मांस मरते. सहा तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचले तर काही वेळा जोडता येतो.

पैशाचे आता थोडक्यात. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३ सालापासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला आहे. घास लावणारी जी बाई रोजाने आली तिचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसते. त्या मावशींचे तेच झाले होते. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला, गावात चार माणसांत बसून काही रक्कम ठरली, आणि विषय मिटला. मावशी आता शेळ्या राखतात.

मजुरांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात खाते हवे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात कायमचा निकामी झाल्यास १ लाख. हिचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. तुमच्या टोळीत दहा बाया असतील तर दोनशे रुपये झाले. मुकादमाला विचारा, कुणाकुणाचा विमा आहे. नसेल त्यांना बँकेत घेऊन जा आणि ते वीस रुपये तुम्ही भरा. मात्र बोटे गेली तर या दोन्ही योजनांत काही मिळत नाही, आणि यंत्रावर सगळ्यात जास्त जातात ती बोटेच.

या आठवड्यात यंत्रवाला दर ठरवायला तुमच्याकडे येईल. त्याला चहा द्या, आणि त्याच्या यंत्राची चूट हाताने मोजून घ्या, दोन हात लांब आणि एक हात झाकलेली. कमी भरली तर पत्रा जोडायला अजून आठ दिवस आहेत. माप कसे घ्यायचे ते समजले नाही तर गावच्या कृषी कार्यालयात विचारा, आमच्यापैकी कुणीही येऊन दाखवील.